सेंट ऑल्बन्सची मिस्टरी कॅश: प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५

इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या सेंट मायकेल चर्चमध्ये तत्त्वज्ञ आणि राजकारणी फ्रान्सिस बेकनचे स्मारक आहे. त्याचा चिटणीस थॉमस मीऊटिस याने ते उभारले. खुर्चीत बसून विचारात गढलेला बेकन त्यात दाखवला असून ‘तो असा बसत असे’ या अर्थाचे लॅटिन शब्द तेथे कोरलेले आहेत. बेकनचा मृत्यू ९ एप्रिल १६२६ रोजी झाला, म्हणजे येत्या एप्रिलात त्याला चारशे वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी प्रसिद्ध व्हावी अशी एक मिस्टरी कॅश (जिओकॅचिंग या शोधखेळातली, कोडे सोडवून शोधायची डबी) या परिसरात ठेवण्याचा विचार मी पक्का केला आहे, आणि तिचे कोडे शेक्सपिअरच्या कर्तृत्वाच्या, म्हणजे त्याची नाटके खरी कोणाची या, वादावर रचायचे आहे.

जिओकॅचिंगची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची कमतरता काढून टाकली आणि लगेच ओरेगॉन राज्यात पहिली डबी लपवली गेली. कोणीतरी डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि शोधणारे आतल्या लॉगबुकात नाव लिहून ती जागच्या जागी ठेवतात. मिस्टरी कॅशमध्ये जाहीर केलेला बिंदू खरा नसतो. खरे स्थान कोडे सोडवल्यावरच कळते आणि ते जाहीर बिंदूपासून दोन मैलांच्या आत असावे लागते.

वाद असा आहे की, स्ट्रॅटफर्डच्या विल्यम शेक्सपिअरच्या नावावर असलेली नाटके त्यानेच लिहिली का. डिलिया बेकन या अमेरिकन लेखिकेने १८५७ मध्ये ग्रंथ लिहून ती नाटके फ्रान्सिस बेकन आणि त्याच्या वर्तुळातील लोकांची असल्याचे मांडले. (आडनाव सारखे असले तरी तिचे त्याच्याशी नाते नव्हते.) १९२० मध्ये जे. टॉमस लूनी याने ऑक्सफर्डचा अर्ल एडवर्ड डी व्हियर याचे नाव पुढे केले. हा अर्ल १६०४ मध्येच वारला होता आणि ‘द टेम्पेस्ट’चा राजदरबारातील प्रयोग १६११ चा आहे. त्याच काळातला नाटककार ख्रिस्तोफर मार्लो याच्या समर्थकांना तर १५९३ मध्ये डेप्टफर्ड येथे झालेला त्याचा खूनच खोटा ठरवावा लागतो. ही नाटके स्ट्रॅटफर्डच्या माणसाचीच आहेत असे माझे ठाम मत आहे. तरीही कोडे करताना विरुद्ध पक्षाची थट्टा करायची नाही. सोडवणाऱ्याने बेकनवाद्यांच्या वाटेने, म्हणजे संकेतलिपीपासून, सुरुवात करावी आणि कागदपत्रांच्या पुराव्यापर्यंत स्वतःच्या पावलांनी यावे, अशी रचना मला हवी आहे.

३० नोव्हेंबर २०२५

जागेची पाहणी केली. चर्चच्या आजूबाजूची जमीन म्हणजे व्हेरुलेमियम हे रोमन नगर. ते संरक्षित पुरातन स्थळ असल्यामुळे त्या हद्दीत डबी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. जिओकॅचिंगच्या नियमांनुसार डबीसाठी परवानगीशिवाय कोठेही खणता येत नाही आणि डबी ठेवायलाही जागेच्या मालकाची परवानगी लागते. दफनभूमीही मी टाळणार आहे, कारण तेथे शोक करायला आलेल्या माणसांसमोर कोणी झुडपे चाचपत फिरावे हे मला पटत नाही. म्हणून जाहीर बिंदू चर्चजवळच्या सार्वजनिक रस्त्यावर आणि खरी डबी हद्दीबाहेर, व्हेर नदीच्या काठाने जाणाऱ्या पायवाटेवर, अशी विभागणी ठरली. जागेच्या मालकाला परवानगीसाठी पत्र पाठवले आहे.

गणिताच्या दृष्टीने काम सोपे आहे. येथे उत्तर अक्षांश ५१ अंश ४५ मिनिटे आणि पश्चिम रेखांश ० अंश २१ मिनिटे एवढे आधीच देता येते, आणि दोन्हीकडे मिनिटांच्या दशांशाचे तीन-तीन अंक कोड्यातून काढायला लावायचे. अक्षांशातला शेवटचा अंक एकाने चुकला तर सुमारे १.८५ मीटरचा फरक पडतो. रेखांशात या अक्षांशावर तो जेमतेम १.१५ मीटर असतो. दशांशाचा पहिलाच अंक चुकला तर मात्र माणूस अक्षांशात १८५ मीटर दूर, नदीच्या पलीकडेही जाऊ शकतो.

१४ डिसेंबर २०२५

दोन आठवडे संकेतलिपीचा इतिहास वाचण्यात गेले आणि या प्रकल्पाचा कणा त्यातच सापडला.

१६२३ मध्ये बेकनचा ‘दे ऑगमेंटिस’ हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. तारुण्यात पॅरिसमध्ये असताना सुचलेली द्व्यक्षरी संकेतलिपी त्याने त्यात सांगितली आहे. प्रत्येक अक्षरासाठी ए आणि बी या दोनच खुणांचा पाच-पाचांचा गट वापरायचा. असे बत्तीस गट होतात आणि त्या काळच्या चोवीस अक्षरांना ते पुरून उरतात, कारण आय आणि जे तसेच यू आणि व्ही ही अक्षरे तेव्हा एकच मानली जात. मग वरवर साध्या दिसणाऱ्या मजकुरात दोन किंचित वेगळे टाइप वापरून हे गट दडवायचे. शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला फोलिओ, म्हणजे मोठ्या आकारातला पहिला एकत्रित संग्रह, याच १६२३ सालचा आहे, आणि बेकनवाद्यांच्या मनात या योगायोगाने घर केले. १८९९ मध्ये एलिझाबेथ वेल्स गॅलप यांनी त्या काळच्या छापील पुस्तकांतील तिरप्या टाइपांचे दोन प्रकार ‘ओळखून’ बेकनचे गुप्त आत्मचरित्र वाचल्याचा दावा केला. त्यात बेकन हा एलिझाबेथ राणीचा पुत्र असल्याची कथाही होती.

येथे छापखान्याची वस्तुस्थिती आडवी येते. जुन्या टाइपांचा साठा झिजलेला आणि सरमिसळ झालेला असे, आणि ओल्या कागदावर शाई पसरे. त्याहूनही मोठी अडचण चार्ल्टन हिन्मन यांच्या कामातून समोर आली. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात फोलिओच्या ८२ प्रती आहेत. हिन्मन यांनी स्वतः बांधलेल्या यंत्रावर त्यांतल्या पन्नासहून अधिक ताडून पाहिल्या आणि १९६३ मध्ये निष्कर्ष छापले. छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत होत्या आणि दुरुस्त-अदुरुस्त पाने सरमिसळ होऊनच बांधली जात होती, त्यामुळे प्रतीप्रतीत फरक पडले. पानापानाच्या छपाईवर अवलंबून असलेला गुप्त संदेश अशा पुस्तकात टिकणार कसा?

गॅलपबाईंच्या मदतीला इलिनॉय राज्यातल्या रिव्हरबँक या खासगी प्रयोगशाळेत विल्यम आणि एलिझबेथ फ्रीडमन हे तरुण संशोधक होते. त्यांना त्या दोन टाइपांचा भेद कधीच खात्रीने दिसला नाही. तेथून बाहेर पडून हे दांपत्य अमेरिकेच्या संकेतशास्त्राच्या अग्रभागी पोहोचले आणि १९५७ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयातून त्यांनी शेक्सपिअरमधल्या सगळ्या कथित संकेतलिप्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांची कसोटी दोन कलमांची होती. उकललेला मजकूर भाषेच्या दृष्टीने सरळ अर्थ देणारा हवा, आणि पद्धत अशी हवी की स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दोन माणसांना तेच एकमेव उत्तर मिळावे. बेकन त्या नाटकांचा लेखक नव्हताच असे त्यांनी म्हटले नाही. संकेतलिपीचा पुरावा या कसोटीला उतरत नाही, एवढेच त्यांनी दाखवले.

हे वाचल्यावर माझ्या लक्षात आले की चांगल्या मिस्टरी कॅशचा नियम अक्षरशः हाच आहे. मुंबईत बसून सोडवणारा आणि मँचेस्टरला बसून सोडवणारा एकाच झाडापाशी पोहोचला पाहिजे. उत्तर दोन ठिकाणी नेत असेल तर ते कोडे उरत नाही. म्हणून माझ्या कोड्याचा प्रत्येक टप्पा मी फ्रीडमन दांपत्याच्या कसोटीवर घासून घेणार आहे, आणि ज्या टप्प्याला दोन उत्तरे संभवतात तो कितीही आकर्षक असला तरी काढून टाकणार आहे.

४ जानेवारी २०२६

पहिला थर तयार झाला. दोन टाइपांतला मजकूर देण्याचा मोह होता, पण मोबाइलवर तिरपी अक्षरे नीट दिसतीलच असे नाही आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की फरक पुसला जातो. फ्रीडमन यांनी १९१८ मध्ये इलिनॉयमधल्या ऑरोरा येथे लष्करी अधिकाऱ्यांच्या आपल्या वर्गाचा सामूहिक फोटो काढून घेतला होता. त्यात काहींची तोंडे कॅमेऱ्याकडे आणि काहींची दुसरीकडे असून त्यातून ‘ज्ञान हीच शक्ती’ हे बेकनशी जोडलेले वचन इंग्रजीत उमटते. त्या वचनाला सोळा अक्षरांची, म्हणजे ऐंशी माणसांची गरज होती. तेवढी माणसे नसल्याने शेवटचे अक्षर अपुरे राहिले. त्या फोटोवरून मला नाण्यांची कल्पना सुचली. एका पेनीची ५५ नाणी पाच-पाचांच्या अकरा ओळींत मांडून छायाचित्र घेतले. छाप म्हणजे ए, काटा म्हणजे बी. एकूण ३८ छाप आणि १७ काटे आहेत. त्यातून ‘मृत्युपत्र वाच’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य निघते. या थराचे उत्तर येथे लिहिण्यास हरकत नाही, कारण खरे अंक पुढच्या थरात आहेत आणि ते मी या नोंदींत देणार नाही.

लगेच उलट बाजूने तपासले. छाप आणि काटा यांची अदलाबदल केली तर दुसऱ्याच ओळीतून अक्षर निघत नाही, कारण तो गट चोवीसच्या पुढे जातो. ओळी उजवीकडून डावीकडे वाचल्या तर चौथ्या ओळीला अडते. म्हणजे चुकीच्या वाटा आपोआप बंद होतात.

२२ जानेवारी २०२६

आज बेकनची जन्मतारीख. दुसऱ्या थरासाठी ती वापरणार होते, पण यादीतून सर्वांत आधी तीच गेली. त्या काळी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून त्याचे जन्मसाल जुन्या नोंदीप्रमाणे १५६० आणि आजच्या रीतीने १५६१ येते. शेक्सपिअरचा जन्मदिवस २३ एप्रिल हाही परंपरेने मानलेला आहे. कागदावर आहे ती २६ एप्रिल १५६४ ची बाप्तिस्म्याची नोंद. एकूण नाटके किती, याला ३७, ३८, ३९ अशी वेगवेगळी उत्तरे मिळतात. फोलिओतली नाटके ३६ आहेत हे निश्चित, पण ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’चे नाव त्याच्या अनुक्रमणिकेत नाही, त्यामुळे अनुक्रमणिका मोजणारा ३५ वर थांबतो. ही सगळी आकडेवारी बाद झाली.

‘लव्हज लेबर्स लॉस्ट’मधला २७ अक्षरांचा लांबलचक लॅटिन शब्दही मी तपासला. १९१० मध्ये एडविन ड्यर्निंग-लॉरेन्स यांनी त्या अक्षरांची उलथापालथ करून ‘बेकनची अपत्ये असलेली ही नाटके जगासाठी जपून ठेवली आहेत’ अशा अर्थाचे लॅटिन वाक्य तयार केले होते. अक्षरे बरोबर जुळतात, पण २७ अक्षरांतून इतरही वाक्ये जुळवता येतात आणि त्यांतले कोणते खरे हे ठरवण्याचे साधन शब्दात नाही. शिवाय तो शब्द डान्टेच्याही लेखनात येतो, म्हणजे तो या नाटकासाठी घडवलेला नव्हता. कोड्यात असे अक्षरांचे खेळ अजिबात नकोत.

शेवटी टिकला तो मृत्युपत्राचा आकडा. २५ मार्च १६१६ ची तारीख असलेल्या त्या दस्तऐवजात शेक्सपिअरने जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री काँडेल या आपल्या नाट्यसहकाऱ्यांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवले आहेत. बारा पेन्सचा एक शिलिंग धरला की ते ३२० पेन्स होतात, आणि त्यात मतभेदाला जागा नाही. माझ्या दृष्टीने या पुराव्याचे मोल आकड्यापेक्षाही मोठे आहे. सात वर्षांनी फोलिओ सिद्ध करणारे दोघे म्हणजे हेमिंग्ज आणि काँडेल. स्ट्रॅटफर्डचा घरमालक आणि लंडनचा नाटककार हा एकच माणूस असल्याचे या एका ओळीतून दिसते. त्याच्या सर्वमान्य सह्या सहा, त्यांतल्या तीन याच मृत्युपत्रावर आहेत. तोही आकडा घेतला.

८ फेब्रुवारी २०२६

तिसरा थर सेंट ऑल्बन्सचाच असायला हवा होता आणि तो ‘हेन्री सहावा’च्या दुसऱ्या भागात मिळाला. या नाटकाचा शेवट १४५५ मधल्या सेंट ऑल्बन्सच्या लढाईने होतो. त्याआधी सिम्पकॉक्स नावाच्या माणसाचा प्रवेश आहे. जन्मांध असूनही संत ऑल्बनच्या समाधीपाशी आपल्याला दृष्टी आली असे तो सांगतो. राजासकट सगळे चमत्कार मानायला तयार असताना ग्लॉस्टरचा ड्यूक त्याला अंगरख्यांचे रंग विचारतो आणि तो ते धडाधड सांगतो. जन्मापासून आंधळ्याला दृष्टी येईल, पण कोणत्या रंगाला काय म्हणतात हे त्याच क्षणी कसे कळेल, या एका प्रश्नाने लबाडी उघडी पडते. ज्या गावात बेकनचे स्मारक आहे त्याच गावच्या खोट्या चमत्काराची ही साधी, निर्णायक तपासणी मला फार आवडते. त्या रंगांच्या इंग्रजी नावांतील अक्षरसंख्या मी कोड्यात घेतली आहे. १५९४ च्या छोट्या आवृत्तीतला मजकूर फोलिओहून बराच वेगळा असल्यामुळे प्रश्नात ‘१६२३ च्या फोलिओप्रमाणे’ असे स्पष्ट लिहिले.

याच नाटकामुळे वर्णनात एक परिच्छेद वाढवावा लागला. २०१६ मध्ये निघालेल्या न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर या समग्र आवृत्तीने ‘हेन्री सहावा’च्या तिन्ही भागांवर सहलेखक म्हणून मार्लोचे नाव घातले. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य नाही. पण कर्तृत्वाचा खरा, अभ्यासाने पुढे जाणारा प्रश्न हाच आहे की कोणत्या नाटकातला कोणता प्रवेश कोणाचा. जेम्स स्पेडिंगने १८५० मध्ये ‘हेन्री आठवा’मधला जॉन फ्लेचर या सहलेखकाचा वाटा वृत्त आणि शैली यांवरून वेगळा काढला. बेकनच्या समग्र लेखनाचे संपादन करण्यात त्याचे आयुष्य गेले. बेकनचे गद्य इतके कोणी वाचले नसेल, आणि त्या स्पेडिंगचे मत असे होते की दोघांच्या शैली जाणणारा वाचक एकाच्या पाच सलग ओळीही दुसऱ्याच्या समजणार नाही. संकेतलिपी शोधणाऱ्यांपेक्षा हा साक्षीदार मला कितीतरी वजनदार वाटतो. त्याचे नाव वर्णनात ठळकपणे घातले आहे.

२२ फेब्रुवारी २०२६

चाचणीसाठी कोडे पुण्याला मामांकडे पाठवले होते. त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, पण जिओकॅचिंग त्यांना नवे. त्यांनी आजच्या सव्वीस अक्षरांच्या तक्त्याने नाणी वाचली. तसे केल्यास पहिले अक्षर आर ऐवजी क्यू येते आणि बाकीचे बहुतेक शब्द निरर्थक होतात, पण मधला ‘द’ हा शब्द बदलून नेमका ‘शी’, म्हणजे ‘ती’, असा होतो. मामांनी फोनवर विचारले, “अगं, ही ‘ती’ कोण? एलिझाबेथ राणी म्हणायची का?” गॅलपबाईंची राणीपुत्राची कथा त्यांना ठाऊक होती. पुढच्याच वाक्यात ते म्हणाले, “पण मग आजूबाजूच्या अक्षरांचं काय करायचं? एक शब्द लागला म्हणून वाचन बरोबर ठरत नाही.” आणि त्यांनी चोवीस अक्षरांचा तक्ता शोधून काढला. तो ‘शी’ मी मुद्दाम योजलेला नव्हता, पण तो तसाच राहू देणार आहे. निव्वळ योगायोगाने किती मोहक शब्द उमटू शकतो, हे सोडवणाऱ्याला तेथे प्रत्यक्ष दिसेल. फक्त ‘वर्णमाला १६२३ ची’ अशी सूचना छायाचित्राखाली घातली.

मामांनी आणखी एक आठवण करून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रात ‘भारद्वाज’ या टोपणनावाने शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर हे दोन भिन्न पुरुष असल्याचा वाद उभा केला होता. ज्ञानेश्वरीत विठ्ठलभक्ती दिसत नाही आणि अभंग तर तिने भरलेले, हा त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा होता. बहुतेक अभ्यासकांना ते मत पटले नाही. तरी त्या वादात दोन्ही बाजू ग्रंथांतल्या ओळी समोर ठेवून बोलत होत्या, आणि म्हणून त्यावर उत्तर देणे शक्य होते. शेक्सपिअरच्या वादात ‘खेड्यातल्या हातमोजेवाल्याच्या मुलाला एवढे ज्ञान कोठून’ हा वर्गाचा प्रश्न पुराव्याच्या जागी वारंवार येतो. महाराष्ट्रातून आलेल्या, तुकोबांना वाचलेल्या माणसाला तो प्रश्न मान्य होणे कठीण आहे.

८ मार्च २०२६

मालकाची लेखी परवानगी आल्यावर कॅश तपासणीला पाठवली होती. स्वयंसेवक रिव्ह्यूअरचे उत्तर आले: माझी जागा दुसऱ्या एका मिस्टरी कॅशच्या गुप्त अंतिम स्थानापासून १६१ मीटरच्या आत येते. अशी स्थाने बाकीच्यांना दिसत नाहीत, त्यामुळे हे मला आधी कळले नव्हते. त्याच मालकाच्या परवानगीने डबी पायवाटेवर पुढे सरकवली. सूत्रात एक स्थिर संख्या मिळवायची ठेवली असल्यामुळे तेवढीच बदलली. प्रश्न आणि त्यांची उत्तरे यांना धक्का लागला नाही. सहा अंकांची बेरीज पडताळ्यासाठी दिली आहे, शिवाय संकेतस्थळाचा उत्तर-तपासक जोडला आहे. काठिण्य ४ आणि वाटेची अवघडता १.५ ठेवली.

९ एप्रिल २०२६

कॅश आज प्रसिद्ध झाली. दुपारपर्यंत पहिली सही पडली. शोधणाऱ्या जोडप्याने लिहिले की मृत्युपत्राची मूळ पाने त्यांनी पहिल्यांदाच पाहिली आणि डबीपेक्षा त्यातच त्यांचा अधिक वेळ गेला. मला हेच हवे होते.

२६ एप्रिल २०२६

बेकनला लेखक मानणाऱ्या एका गृहस्थांनी कोडे सोडवले, डबीही शोधली आणि सविस्तर, सभ्य आक्षेप पाठवला. अंगठ्यांची ओळ मृत्युपत्रात दोन ओळींच्या मध्ये नंतर लिहिलेली आहे, ती कोणीतरी मागाहून घुसडली असणार आणि मी ही गोष्ट लपवली, असे त्यांचे म्हणणे आहे. ओळ मध्ये लिहिलेली आहे हे खरे. पण त्याच दस्तऐवजात पत्नीला दिलेल्या दुय्यम पलंगाचा उल्लेखही तसाच मध्ये लिहिला आहे. मसुद्यात आयत्या वेळी भर घातल्याची ती खूण आहे आणि तीनही पानांवर सही आहे. शिवाय मृत्युपत्र बाजूला ठेवले तरी फोलिओत लेनर्ड डिग्ज याने कवीच्या स्ट्रॅटफर्डमधल्या स्मारकाचा उल्लेख केला आहे, आणि तो तर छापील आहे. हे मी त्यांना कळवले.

मात्र सोडवणाऱ्यापुढे पुरावा जसा आहे तसाच ठेवला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे योग्य आहे. म्हणून आज वर्णनात ‘ही ओळ मूळ कागदावर दोन ओळींच्या मध्ये लिहिलेली आहे’ असे वाक्य घातले आणि क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातल्या त्या पानाचा दुवा दिला. डिग्जच्या कवितेचा उल्लेखही जोडला. ३२० हा आकडा त्याने बदलत नाही, म्हणून सूत्र तसेच ठेवले आहे.